अडीच हजार वस्तीचं सांडपाणी: मोजण्यापासून शेतात सोडण्यापर्यंत

ऑगस्ट २०१९ मध्ये जल जीवन मिशन जाहीर झालं आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात पोचवायचं ठरलं. खानदेशातल्या पुष्कळ गावांत त्यानंतर नळ आले, टाक्या उभ्या राहिल्या. पाणी घरात कसं आणायचं यावर जेवढ्या बैठका झाल्या, तेवढ्या ते घराबाहेर पडल्यावर कुठं जाणार यावर झाल्या नाहीत. हापशावरून हंडे आणायचे दिवस होते तेव्हा मोरीचं पाणी परसातल्या अळूलाही पुरत नसे. आता तेच पाणी गटारातून गावाच्या खालच्या अंगाला जातं आणि शेवटच्या घराशी नाहीतर पहिल्या शेताच्या बांधाशी साचतं. ग्रामसभेत एखादे आबा विचारतात, "हाई पानी जाई राह्यनं कथा?" (हे पाणी चाललंय कुठं?) सगळे ग्रामसेवकाकडे बघतात.

हा लेख जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतल्या पाच हजारांच्या आतल्या गावांसाठी आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: एवढ्या गावाला मोटारी, हवा सोडणारे ब्लोअर आणि विजेची पॅनेल असलेला तयार प्रकल्प घेऊ नका. विक्रेते चांगली चित्रं दाखवतात. पण भारनियमन आहे, वीजबिल आहे, आणि बिघाड झाला की जळगावहून किंवा नाशिकहून माणूस येईपर्यंत सगळं पाणी कच्चंच नाल्यात जातं. आपल्याकडे ऊन भरपूर आहे, गावाबाहेर जागा मिळते, उतारही असतो. जेवढं पाणी घराशी मुरेल तेवढं तिथंच मुरवायचं आणि उरलेल्यापुरतंच तळं किंवा वनस्पतींचा वाफा करायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने आहेत.

पहिली पायरी: पाणी मोजा, तेही नळाच्या दिवशी

कागदावरचा हिशेब सोपा आहे. २,५०० माणसं गुणिले ५५ म्हणजे १,३७,५०० लिटर. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं असं धरलं तर रोज १ लाख १० हजार लिटर, म्हणजे ११० घनमीटर. अंदाजपत्रकात हाच आकडा टाकून मोकळं होण्याची पद्धत आहे, आणि तिथंच घोळ होतो.

आपल्या बहुतेक गावांत नळ रोज येत नाही. दिवसाआड, तीन दिवसांआड येतो. उन्हाळ्यात त्याहून उशिरा. नळ आला की बायाबापड्या आधी ड्रम आणि हौद रिकामे करतात, कारण पाणी 'शिळं' झालेलं असतं. ते सगळं गटारात जातं. मग धुणं निघतं, अंगण धुतलं जातं, आणि तोटी नसलेले नळ पाणी जाईपर्यंत वाहत राहतात. त्यामुळे नळाच्या दिवशी सकाळच्या दोन-तीन तासांत गटार दुथडी असतं आणि पुढच्या दिवशी बोटभर धार. सरासरीवर बांधलेली टाकी पहिल्या दिवशी ओसंडते.

मोजायला महागडं काही लागत नाही. गटार जिथं गावाबाहेर पडतं तिथं मातीच्या पोत्यांचा छोटा बांध घाला, त्यातून चार इंची पाइप काढा, खाली १५ लिटरची बादली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. बादली १० सेकंदांत भरली तर सेकंदाला दीड लिटर, तासाला ५,४०० लिटर. पहाटे नळ सुटल्यापासून रात्रीपर्यंत दर तासाला एक नोंद. नळाच्या दिवशी एकदा, कोरड्या दिवशी एकदा. शक्य असेल तर थंडीत आणि एप्रिलमध्ये वेगवेगळं. हायस्कूलची दहावीची पोरं हे काम उत्तम करतात. गावाला एकापेक्षा जास्त उतार असतील तर प्रत्येक तोंडाशी वेगळं माप घ्या. दोन-तीन तोंडं असतील तर प्रत्येकाला लहान व्यवस्था करणं सगळं पाणी एका जागी वळवण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतं.

मोजणी झाली की आधी तोट्या बसवा. मी पाहिलेल्या सगळ्या उपायांत सर्वांत स्वस्त हाच आहे, आणि ग्रामसभेत सर्वांत जास्त भांडण यावरच होतं.

दुसरी पायरी: काय गटारात येऊ द्यायचं नाही ते ठरवा

या लेखातल्या सगळ्या व्यवस्था मोरी, न्हाणी आणि धुण्याच्या पाण्यासाठी आहेत. संडासाचं पाणी यात मिसळलं की हिशेबही बदलतो आणि धोकाही. म्हणून घरोघर फिरून एक यादी करा: कुणाकडे दोन खड्ड्यांचा संडास आहे, कुणाकडे सेप्टिक टँक, आणि टँकची बाहेरची नळी कुठं सोडली आहे. ती नळी गुपचूप गटारात सोडलेली घरं प्रत्येक गावात सापडतात. त्यांना टँकच्या पुढे शोषखड्डा करून द्या. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर एक खड्डा भरल्यावर तोंड दुसऱ्याकडे वळवायचं आणि पहिला किमान दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा. आतला मैला सुकून मातीसारखा होतो. सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी यंत्राच्या टँकरने उपसावा. टँकमध्ये माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतल्या वायूने क्षणात जीव जातो. एक जण कोसळला की वाचवायला उतरणारा दुसराही जातो. हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा.

दुसरा शत्रू गोठा. शेण धुऊन गटारात सोडणारं एकच घर असलं तरी शंभर घरांची गटारं तुंबतात. शेण उकिरड्यावर किंवा गोबरगॅसमध्ये, गोमूत्राचं पाणी थेट खताच्या खड्ड्यात. राखेने भांडी घासणाऱ्या घरांत राख गटाराच्या तळाशी बसते. तिथं मोरीतच एक लहान खोलगट कुंडी करून द्या.

काही गोष्टी खास आपल्याकडच्या. फाल्गुन-चैत्रात घरोघर कुरडया होतात. गहू तीन-चार दिवस भिजवून, वाटून, चीक काढल्यावर जे आंबट पाणी उरतं ते नेहमीच्या धुण्याच्या पाण्यापेक्षा कितीतरी जड असतं. त्यात पिष्ट असतं, जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. सगळ्या गल्लीने एकाच आठवड्यात ते सोडलं की तळं काळं पडतं आणि वास सुटतो. हे पाणी गुरांना पाजा नाहीतर उकिरड्यावर ओता. मग अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते: माहेरवाशिणी आलेल्या, पाहुणे, आमरस-पुरणपोळीची भांडी. त्या दिवसांत गावची लोकसंख्या वाढलेली असते, तेव्हा अखाजीच्या आधी जाळ्या आणि गाळकुंड्या साफ झालेल्या असाव्यात.

तिसरी पायरी: जमीन काय म्हणते ते बघा

खानदेशात दहा कोसांत जमीन चार वेळा बदलते. तापीकाठी खोल काळी आणि गाळाची माती. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, रावेरच्या वरच्या अंगाला, दगडगोट्यांचा भरड पट्टा. तिथं पाणी ओतलं की दिसेनासं होतं. साक्री, पारोळ्याच्या बाजूला पातळ मातीखाली मुरूम आणि बेसॉल्ट. अक्कलकुवा, धडगावला डोंगरावर विखुरलेले पाडे. तिथं सामायिक प्रकल्पाचा विचारच करू नका, प्रत्येक घराची परसबाग पुरते. आणि गावठाण बहुतेक ठिकाणी पांढरीवर, म्हणजे पांढरट मातीवर वसलेलं, जी मऊ असते आणि खड्ड्यात ढासळते.

म्हणून शेजारच्या गावाचं बघून खड्डे खणू नका, प्रत्येक गल्लीत परीक्षा घ्या. शोषखड्डा जेवढा खोल जाणार आहे तेवढ्या खोलीवर एक फूट लांब-रुंद-खोल खळगा करा. तळाशी दोन इंच खडी टाका. फूटभर पाणी भरून रात्रभर भिजू द्या. ही रात्र चुकवू नका. मे महिन्यात काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात, कोरड्या खळग्यातलं पाणी त्या भेगांतून पळतं आणि जमीन पाणी छान पिते असं वाटतं. पहिल्या पावसात माती फुगली की तीच जमीन थेंब घेत नाही. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर सहा इंच पाणी भरा आणि अर्ध्या तासात किती उतरलं ते पट्टीने मोजा. त्यावरून एक इंच उतरायला किती वेळ लागतो तो हिशेब काढा.

एक इंच अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. अर्धा ते एक तास लागला तर उभ्या खड्ड्याऐवजी लांब, उथळ चर करा. तासापेक्षा जास्त लागला तर तिथं मुरवण्याचा नाद सोडा, ते पाणी गटारानेच पुढे न्यायचं.

पाणी फार लवकर उतरलं तरी सावध व्हा. भरड पट्ट्यात मुरणारं पाणी गाळलं न जाता विहिरीकडे जाऊ शकतं. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून आणि बोअरपासून किमान १८ मीटर अंतर ठेवा, भेगाळ खडकात त्याहून जास्त. खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या पाणीपातळीच्या दोन मीटर वर असावा. अशा गल्लीतल्या विहिरीचं पाणी दर तीन महिन्यांनी तपासा. जंतू तपासायची लहान बाटली, एच टू एस व्हायल, स्वस्त असते. पाणी भरून ठेवल्यावर काळी पडली तर दूषित.

चौथी पायरी: घराशी मुरवणं

जमीन पास झाली की शोषखड्डे. मराठवाड्यात 'नांदेड पॅटर्न' म्हणून जो खड्डा गाजला तो आपल्या मुरमाड गावांतही चालतो. चार फूट लांब, चार रुंद, चार खोल खड्डा. मध्ये सिमेंटची किंवा प्लास्टिकची टाकी, तिला वरच्या भागात बोटाएवढी भोकं. टाकीभोवती तळाशी मोठे डबर, त्यावर मध्यम दगड, वर खडी. त्यावर पोत्यांचा किंवा जाळीचा थर आणि मग माती. घरातली नळी थेट टाकीत. गाळ टाकीच्या तळाशी बसतो आणि वरचं पाणी भोकांतून दगडांत जातं. टाकीवर उघडता येणारं झाकण हवंच, कारण तो गाळ वर्षातून एक-दोनदा काढला नाही तर भोकं बुजतात. कंत्राटदार झाकणावर लादी बसवून सिमेंट फिरवतात, कारण फोटोत ते नीट दिसतं. फोटो काढून झाल्यावर लादी फोडून घ्या.

पाच माणसांच्या घराचं रोज साधारण २२० लिटर पाणी होतं. चार फुटी खड्डा मुरमात तेवढं घेतो. घर मोठं असेल, दोन भाऊ एकत्र असतील तर खड्डा मोठा करण्यापेक्षा दोन करा आणि आलटूनपालटून वापरा. पाणी खड्ड्याच्या बाजूच्या भिंतींतून मुरतं. दोन खड्ड्यांना भिंती जास्त मिळतात. काम रोजगार हमीतून होऊ शकतं, आणि मजुरीचा पैसा गावातच राहतो.

जिथं जमीन घट्ट आहे पण परसात जागा आहे तिथं परसबाग. मोरीच्या नळीला आधी लहान गाळकुंडी आणि मग उथळ चर. केळी, कर्दळ, अळू, शेवगा, पपई. केळी आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. चार खुंट एका घराचं बरंच पाणी पितात. पालेभाज्या मात्र या चरात नकोत.

उदाहरणाच्या गावात ५०० घरं धरू. त्यातल्या ३०० घरांचं पाणी घराशीच जिरलं तर १ लाख १० हजारांतले ६६ हजार लिटर संपले. उरले ४४ हजार. हिशेबाला ४५ घनमीटर धरा. आता तळ्याला लागणारी जागा निम्म्यापेक्षा कमी झाली.

पाचवी पायरी: गटार, जाळी, गाळकुंडी

हे कुणाला दाखवायला न्यावं असं काम नाही, आणि म्हणूनच ते कच्चं राहतं. नवं गटार करणार असाल तर रुंद चौकोनी खोबणीपेक्षा तळ गोलसर असलेलं अरुंद गटार घ्या. थोड्या पाण्यातही वेग राहतो आणि गाळ बसत नाही. उतार मिस्त्रीच्या पाण्याच्या नळीने तपासला तरी चालतो, पण काँक्रीट ओतण्याआधी तपासा.

तोंडाशी दोन जाळ्या: पहिली दीड इंच फटीची, दुसरी अर्धा-पाऊण इंच फटीची, दोन्ही तिरक्या, म्हणजे दाताळ्याने कचरा ओढता येतो. शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या इथं थांबल्या नाहीत तर पुढे वाफ्यात जाऊन बसतात. जाळीनंतर गाळकुंडी. नळाच्या दिवसाच्या सर्वांत मोठ्या धारेला दोन-तीन मिनिटं थांबायला मिळेल एवढी. धार सेकंदाला पाच लिटर असेल तर ९०० लिटरची. शेजारी-शेजारी दोन करा. एक साफ करताना दुसरी चालू राहते.

आणि जाळीच्या आधी एक सांडवा. आपली गटारं पावसाचं पाणीही वाहतात. जुलैतल्या एका जोरदार सरीत येणारं पाणी आठवडाभराच्या सांडपाण्याएवढं असू शकतं. सांडव्यावरून ते सरळ नाल्याला गेलं पाहिजे. सांडवा नसलेला वाफा एका पावसाळ्यात मातीने भरतो.

सहावी पायरी: तळं की वाफा

उरलेल्या ४५ घनमीटरांसाठी दोन सरळ पर्याय आहेत.

पहिला, स्थिरीकरण तळी, एकामागे एक तीन. पहिलं खोल, अडीच मीटर. यात पाणी दोन दिवस थांबतं, गाळ तळाशी बसतो आणि प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू तो पचवतात. दुसरं दीड मीटर. इथं सहा दिवस. वर हिरवं शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करतं, त्यावर जिवाणू जगतात आणि उरलेली घाण खातात. तिसरं एक मीटर, चार दिवस. त्याचं मुख्य काम रोगजंतू मारणं. ऊन खोलवर पोचतं आणि दुपारी शेवाळामुळे पाणी इतकं अल्कधर्मी होतं की जंतू तग धरत नाहीत. भुसावळच्या मे महिन्याच्या उन्हाबद्दल आपण एरवी तक्रारच करतो. या तिसऱ्या तळ्याचं सगळं काम त्या उन्हावर चालतं.

जागेचा हिशेब: पहिल्यात ९० घनमीटर, म्हणजे ३६ चौरस मीटर पृष्ठभाग, दुसऱ्यात २७० घनमीटर, १८० चौरस मीटर, तिसऱ्यात १८० घनमीटर, १८० चौरस मीटर. पाण्याचा पृष्ठभाग एकूण ४०० चौरस मीटरच्या आसपास. बांध, उतार, फिरायला वाट धरून आठ ते दहा गुंठे. घराशी काहीच न मुरवता सगळं ११० घनमीटर इथं आणलं असतं तर अर्धा एकर लागला असता.

दुसरा पर्याय, वनस्पतींचा वाफा. आधी दीड-दोन दिवस पाणी थांबेल अशी बंद गाळटाकी, मग दोन फूट खोल खडीचा वाफा. पाणी खडीच्या पृष्ठभागाच्या दोन इंच खालून वाहतं, म्हणून डासही नाहीत आणि वासही नाही. खडीच्या पोकळीत पाणी मावतं ते साधारण ४० टक्के. तीन दिवस थांबवायचं तर ४५ गुणिले ३, भागिले ०.४, भागिले ०.६ मीटर खोली. उत्तर ५६२ चौरस मीटर, साडेपाच गुंठे. झाडं कर्दळ, पाणकणीस, बोरू, वाळा. मुळांभोवती जिवाणूंची वस्ती वाढते. खरं काम ते करतात.

निवड कशी करायची? जागा भरपूर आणि गावापासून २०० मीटर तरी लांब असेल तर तळी. खर्च कमी, चुका सोसणारी, आणि जंतू मारण्यात सरस. जागा कमी, वस्ती जवळ, शाळा शेजारी असेल तर वाफा. पण वाफ्याला धुतलेली खडी लागते, ती महाग, आणि जाळी-गाळकुंडीत हयगय झाली की वाफा तुंबतो. तुंबलेला वाफा म्हणजे सगळी खडी उपसून धुणं. साफसफाईचा माणूस टिकेल याची खात्री नसलेल्या गावाला मी तळीच सांगतो. दोन्ही पर्याय पावसाळी नाल्याच्या पात्रात कधीही बांधू नका, जागा सरकारी आणि फुकट असली तरी. उतार दोन्ही बाजूंना असेल तर गावाच्या पूर्वेची जागा घ्या. उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो.

सातवी पायरी: बांधकाम, विशेषतः काळ्या मातीत

काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. तिच्यावर सरळ उभी केलेली भिंत दोन वर्षांत तडकते. टाकीखाली आणि भिंतीबाहेर मुरमाची चांगली जाड गादी द्या, थराथराने ठोकून. तळ्याला भिंती नकोतच. मुरमाचे तिरके बांध आणि आत शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. हे काम करणारी माणसं आता प्रत्येक तालुक्यात आहेत. कागदाच्या कडा चरात गाडा, आणि तळ्याभोवती कुंपण घाला. कागदावरून घसरलेलं वासरू किंवा पोर वर येऊ शकत नाही. एका कोपऱ्यात गाठी मारलेला दोर कायम सोडून ठेवा.

वाफ्याच्या दोन्ही टोकांना दीड-तीन इंची मोठे दगड, मध्ये अर्धा-पाऊण इंची खडी. खडी धुऊनच टाका. क्रशरची भुकटी राहिली तर वाफा पहिल्याच वर्षी बंद पडतो. तळाला शेकडा एक उतार. बाहेरच्या नळीला फिरणारा एल्बो (कोपरासारखा वाकडा जोड) बसवा. तो वर-खाली करून पाण्याची पातळी बदलता येते. कर्दळ दर चौरस मीटरला चार कंद. खोदकाम फेब्रुवारीत सुरू केलं तर लागवड जूनच्या पहिल्या पावसाला साधते.

कागदपत्रांचं थोडक्यात. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात यायला हवं, ग्रामसभेचा ठराव हवा, आणि तांत्रिक मान्यता पंचायत समिती किंवा जिल्हा परिषदेच्या अभियंत्याकडून. गायरान असेल तर महसूलची परवानगी आधी. काम सुरू करून मग नाही. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांची मर्यादा ठरली होती, त्यात ३० टक्के वाटा वित्त आयोगाच्या निधीतून. अडीच हजारांच्या गावाला म्हणजे सात लाख. आराखडा करताना चालू दर आणि योजना तालुक्याला विचारून घ्या. बांधकामाला पैसे मिळतात, साफसफाईला सहसा मिळत नाहीत. म्हणून पाणीपट्टी ठरवणाऱ्या त्याच ठरावात साफसफाईच्या माणसाचा पगार बसवा, त्याच्या गमबूट-हातमोज्यांसकट.

आठवी पायरी: चालवणं

रोज: जाळी ओढणं, पंधरा मिनिटं. आठवड्याला: गाळकुंडी. महिन्याला: बांधावरचं गवत, उंदीर-खेकड्यांची बिळं, नळ्यांची तोंडं. पहिल्या तळ्यावर साय धरली तर राहू द्या, ती वास दाबते. दुसऱ्या-तिसऱ्यावरची मात्र काढा, कारण तिथं ऊन आत जायला हवं. जलपर्णी दिसली त्याच दिवशी उपटा. "पाणी शुद्ध करते" म्हणून कुणी मुद्दाम सोडत असेल तर हात जोडा. बघता बघता तळं झाकतं, ऊन बंद होतं आणि खाली डास. तिसऱ्या तळ्यात गप्पी मासे सोडा, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

तळ्याची तब्येत रंगावरून कळते. दुसरं तळं गर्द हिरवं असेल तर सगळं ठीक. करडं किंवा काळं पडलं, गुलाबी झाक आली तर भार जास्त झाला: शेण, कुरडयांचं पाणी किंवा एखादा सेप्टिक टँक शोधा. पहिल्या तळ्यात काठी घालून गाळ मोजा. एक तृतीयांश भरलं की उन्हाळ्यात उपसा. वाफ्यातली झाडं वर्षातून एक-दोनदा छाटा आणि छाटण बाहेर न्या. तिथंच कुजू दिलं तर झाडांनी घेतलेलं सगळं परत पाण्यात.

सुरुवात करताना तळी कोरडी ठेवून सांडपाणी सोडू नका. दुसरं आणि तिसरं आधी साध्या पाण्याने अर्धं भरा, शेवाळ धरू द्या, मग पहिलं जोडा. पहिले काही आठवडे थोडा वास येतो. हे लोकांना आधीच सांगून ठेवलं तर मोर्चा टळतो.

नववी पायरी: पाणी कुणाला

प्रक्रिया केलेलं पाणी नाल्यात सोडायचं तर त्याचा बीओडी, म्हणजे घाण पचवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा. शेतीला द्यायचं तर नियमाने १०० पर्यंत चालतो. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले १,००० जिवाणू ही मर्यादा घातली. कागदावर तिसरं तळं तिथवर पोचू शकतं, पण मी कोथिंबीर, मेथी, मुळा, काकडीला हे पाणी देऊ नका असंच म्हणेन. केळी, कापूस, ऊस, हत्ती गवत, बांबू चालतील. ठिबकला जोडायचं तर वाळूचा फिल्टर लावा, शेवाळ ड्रिपर बुजवतं. पाणी पाटाने द्या, फवाऱ्याने नको.

एक धोका शेतकऱ्याला आधीच सांगितला पाहिजे. धुण्याच्या पावडरीत सोडियम असतो. तो तळ्यात निघून जात नाही, वाफ्यातही नाही. काळ्या मातीवर वर्षानुवर्षं हेच पाणी दिलं तर माती घट्ट होते, पाणी वर साचतं, जमीन चिबडते. म्हणून विहिरीच्या किंवा कालव्याच्या पाण्यात मिसळून द्या, दरवर्षी माती तपासा, कृषी सहायकाच्या सल्ल्याने जिप्सम टाका, आणि पावसाळ्यात जमीन धुऊन निघू द्या.

उन्हाळ्यात तळ्यातून दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडून जातं. ४०० चौरस मीटरवर ते चार घनमीटर. उरलेल्या चाळीसेक घनमीटरांना एप्रिलमध्ये गिऱ्हाईक नक्की असतं, आणि भांडणही तेव्हाच होतं. करार जानेवारीत करा: कोण, कोणत्या पिकाला, कोणत्या वारी, किती रुपयांना. मिळणारे पैसे साफसफाईच्या खात्यात. ज्याच्या बांधाशी इतकी वर्षं पाणी साचत होतं, त्याचा पहिला हक्क मानावा असं मला वाटतं. आणि करारात एक कलम हवंच: जून ते सप्टेंबर कुणी पाणी उचललं नाही तर सांडवा उघडायचा अधिकार साफसफाई करणाऱ्या माणसाचा, विचारायला सरपंचाच्या घरी जावं लागू नये.